अडीच रुपयांच्या नोटेची तिरकी घडी

या सगळ्या प्रकरणाला आमचे नाना जबाबदार आहेत. हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहिलं तर लोक म्हणतील, पोरगा बापावर ढकलतोय. ढकलत नाही. पुढे वाचा आणि तुम्हीच सांगा.

नाना म्हणजे माझे वडील. जकात नाक्यावर कारकून होते, या प्रकरणाच्या आदल्या वर्षी रिटायर झाले. जन्मभर दुसऱ्यांची गाठोडी सोडून बघितली. म्हातारीच्या पिशवीतली मेथीची जुडीसुद्धा त्यांनी वर करून खाली बघितलेली आहे. पण स्वतःच्या बापाची पेटी? आमचे आजोबा, म्हणजे आबा, वारले आणि त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर गेली, ती तीन वर्षं तशीच. का, तर "त्यात काय असणार? म्हाताऱ्याची फडकी."

मी धनराज. इंटर सायन्सला दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा मीच कॉलेजला नापास केलं. तेव्हापासून नाना माझी ओळख करून देताना म्हणतात, "हा आमचा थोरला. सध्या विचार करतोय." मी विचार करत नव्हतो. माझं पक्कं ठरलेलं होतं. धुळ्याला आग्रा रोडवर एक उस्ताद होता, तो ट्रक शिकवून हेवी लायसन्स काढून द्यायचा. तीनशे रुपये घ्यायचा. लायसन्स मिळालं की आमच्या गावाला, पिंप्राळ्याला रामराम, नानांना रामराम, आणि नाक्यावर ज्या ट्रकला नाना हात दाखवून थांबवायचे, त्याच ट्रकच्या वर बसून मी त्यांना धूळ खाऊ घालणार. (हे स्वप्न मी रोज बघायचो. धुळीपर्यंत येऊन जाग यायची.)

तीनशे रुपये नव्हते. नानांकडे होते, म्हणजे माझ्यासाठी नव्हते.

सन सत्तरची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आणि मायनं मला पेटी काढायला माळ्यावर चढवलं. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकून आगारी द्यायची. घरचा लोटा यंदा गळायला लागला होता आणि आबांचा तांब्याचा लोटा त्यांच्या पेटीत होता. लोटा सापडला. त्याखाली आबांचं पागोटं सापडलं. पागोट्याच्या पोटात काहीतरी कुरकुरलं. मी बोट घातलं आणि बाहेर आली एक नोट.

छोटीशी. कोपऱ्यात दाढीवाला राजा. दोन रुपये आठ आणे. मागची बाजू पूर्ण कोरी, जणू छापता छापता इंग्रजाचा जीव उडाला. आणि एक घडी. मधोमध नाही, तिरकी. एका कोपऱ्यातून निघून कशीतरी वाकडी दुसरीकडे गेलेली.

मी ती वासाला धरली. का धरली ते माहीत नाही. पेटीतल्या सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. हिला नव्हता. हिला ओल्या मातीचा होता, आणि बाहेर तर वैशाख.

म्हटलं, धुळ्याला जाऊन विचारून तर बघू. एवढंच ठरवलं हो मी. एवढंच.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत रिखबचंद शेठजींचं भांड्यांचं दुकान. पुढे पितळ, मागे स्टील आणि सगळ्यात मागे, पडद्याआड, जुन्या नोटांचे अल्बम. शेठजींना हा नाद होता. गिऱ्हाईक बादली मागायला आलं तरी ते आधी विचारायचे, "घरात जुनी नोट आहे का?"

त्यांनी नोट हातात घेतली नाही. चिमट्यानं घेतली.

"हात नको लावू भाया. घाम लागतो. घाम म्हणजे दहा रुपये कमी." त्यांनी ती उजेडात धरली. "अडीचची आहे. खरी. भोक नाही, डाग नाही. साडेचारशेची चीज आहे."

मी स्टुलावर बसलेला होतो म्हणून पडलो नाही.

"अडीच रुपयांचे साडेचारशे?"

"मोठी नोट लोक जपतात. छोटी खाऊन टाकतात. म्हणून छोटी महाग." मग त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचं तोंड बारीक झालं. "पण ही घडी. घडीचे शंभर कमी. साडेतीनशे. आणि अशी तिरकी घडी कोणी घातली? माणूस नोटेला अशी घडी घालत नाही."

"मग कोण घालतं?"

शेठजींनी भिंग खाली ठेवलं. अल्बम उघडून एक रिकामी जागा मला दाखवली, नोटेच्या मापाची. "ही जागा बारा वरसं हिच्यासाठी ठेवली. बघ, इथल्या प्रत्येक नोटेमागे एक गेलेला माणूस आहे. जिवंत माणूस नोट ठेवतो का? खर्चतो. मला पेटीचा वास बरोबर कळतो." त्यांनी नोटेचा वास घेतला आणि पटकन लांब धरली. "हिला पेटीचा वास नाही."

"आता पैसे देता ना?"

"देतो. पण वडिलांची चिठ्ठी आण. पोरं घरातून उचलून आणतात, मग बाप दुकानात येऊन थाळ्या फेकतो. मागच्या दिवाळीत दोन परातींना पोचे आले."

आता बघा. जगातला एकमेव प्रामाणिक व्यापारी मलाच भेटायचा होता.

घरी आलो तर रुख्माबाई फुई आलेली. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण, तिकडे पिंपळनेरला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी साठी ओलांडलेली फुईसुद्धा दरवर्षी येते, लिंबाला झोका बांधून घेते आणि त्यावर बसून नानांचे दोष मोजते. मला फुई आवडते.

मी नानांना नोट दाखवली आणि साडेतीनशेचा आकडा सांगितला. मग म्हटलं, "चिठ्ठी द्या. दोन ओळी."

नानांच्या चेहऱ्यावर आधी आकडा उमटला. तो मी स्पष्ट बघितला. मग त्यावर त्यांनी बापाचा चेहरा चढवला. "आबांची शेवटची खूण विकणार? लाज वाटत नाही? चिठ्ठीबिठ्ठी काही मिळणार नाही. आण इकडे, मी नीट ठेवतो." (नीट ठेवतो म्हणजे काय, ते आमच्या घरात मांजरालाही कळतं.)

तेवढ्यात झोका थांबला. फुई आत आली. नोट बघितली आणि भिंतीला धरून खाली बसली.

"ही बाहेर कोनी काढी?"

"मी. का गं फुई?"

"मानमोडीनं साल व्हतं," फुई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बाजरीचा भाव सांगावा तसा. (मानमोडी म्हणजे अठरा सालची इन्फ्लुएंझाची साथ.) "मी लहान व्हतू. घरोघर मुडदा पडेत. आबानी गाडी दिनभर मसणमा जाये नि येये. त्या टाइमले धर्मशाळामा एक परगावना माणूस पडेल व्हता, एदलाबादना. तो आबाले सांगे, माले मना घर पोचाड, भाडं आगाऊ देस. मूठ उघडीसन नोट दखाडी. आबा थकी जायेल व्हता. आबा सांगे, सकाय येस."

"मग?"

"सकाय गया तं माणूस खलास. नोट मूठमा."

 चुलीवर काहीतरी उतू गेलं, मायनं ते उतू जाऊ दिलं.

"आबानी मूठ उघडी," फुई म्हणाली. "भाडं लिधं, पोचाडं नही. ती घडी दिसस ना तुले, ती आबानी घडी नही शे रे धना. ती मूठनी घडी शे."

माझ्या हातातून नोट खाली पडली. (मेलेल्या माणसाच्या मुठीनं माझे शंभर रुपये खाल्ले होते, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. मी असाच आहे.)

मग फुईनं उरलेलं सांगितलं. आबांनी ती नोट कधी खर्चली नाही. ते दर आखाजीला दोन घागरी भरायचे. एक आपल्या पितरांची, दुसरी त्या माणसाची. त्याचं नावगाव कोणाला माहीत नाही म्हणून ते आगारीत घास टाकताना नुसतं म्हणायचे, 'एदलाबादवाला, पाणी पी.' आबा गेल्यावर नानांनी दुसरी घागर बंद केली.

"कुंभारानं घागर दीड रुपया केली," नाना म्हणाले. "आणि खरबूज काय फुकट येतं? एकाच घागरीत दोघं पितील."

"तीन साल व्हयी गयात, त्या माणसले पानी नही," फुई म्हणाली. "आते ती नोट त्याले परत दी टाक. आगारीमा टाक. नहीतं तो येई."

"टाकू," नाना म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले, तिथेच मला संशय यायला हवा होता. ज्या माणसानं खरबुजासाठी मुडद्याला तहानलेला ठेवला, तो साडेतीनशे रुपये निखाऱ्यावर ठेवतो? पण मला तेव्हा स्वतःच्या लबाडीचा विचार करायचा होता, त्यात दुसऱ्याच्या लबाडीला जागा नव्हती.

आखाजीच्या सकाळी फुईनं नोट पळसाच्या पानात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली आणि पुडी घागरीपुढे ठेवली. आगारी साडेदहाला. फुई झोक्यावर गेली, माय पुरण वाटत होती, नाना बाहेर दाढी करत होते. मी आत शिरलो, दोरा सोडला, नोट काढून शर्टाच्या खिशात घातली आणि तिच्या जागी माझ्याजवळची दोनची नोट ठेवली. नवी कोरी, गांधी शताब्दीची, गांधीजी बसून वाचताहेत ती. माझ्याकडे तेवढीच होती. कागदाचा तुकडा ठेवून भागलं असतं, पण म्हटलं, मेलेला असला तरी गरीब आहे, अगदीच फसवू नये. त्याचे आठ आणे तेवढे बुडत होते. लायसन्स मिळालं की पुढच्या आखाजीला देऊ, असं मी घागरीला हळूच सांगितलं.

घागर झिरपत होती. थेंब पडला. मला तो मान हलवल्यासारखा वाटला.

थोड्या वेळानं नाना दाढी आटोपून आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "दुसऱ्या घागरीला नाही तर नाही, निदान एक खरबूज जास्त आणतो." फुईनं झोक्यावरून आशीर्वाद दिला. नाना तासाभरानं परतले ते हात हलवत. खरबूज महाग होतं म्हणे.

आगारी झाली. नानांनी स्वतः पुडी निखाऱ्यावर ठेवली, वर तूप सोडलं. पान आधी काळं पडलं, मग आतून एकदम भपकन पेटलं. वास आला. मी कॉलेजात बऱ्याच चिठ्ठ्याचपाट्या जाळलेल्या आहेत, मला तो वास ओळखीचा वाटला, पण मी काही बोललो नाही. फुई हात जोडून म्हणाली, "एदलाबादवाला, तुनं तुले भेटनं. आते घर जा."

नाना डोळे मिटून उभे होते. इतकं धार्मिक तोंड मी त्यांचं पगाराच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

आता एक सांगतो. आमच्याकडे भुतं रात्री फिरत नाहीत. रात्री सगळं गाव ओट्यावर बाजा टाकून पडलेलं असतं, भुतांना पाय ठेवायला जागा नसते. खानदेशातलं भूत निघतं वैशाखात, भर दुपारी. तेव्हा रस्त्यावर कुत्रं नसतं. दारं लावलेली, खिडक्यांना ओली पोती. पत्रे कडकड वाजतात आणि मग तेही थांबतात. ऊन इतकं पांढरं की समोरचं घर आहे की नाही, हात लावून बघावं लागतं. अशा वेळी तुम्ही स्वतःच जरा मेलेले असता. त्यामुळे दुसरा मेलेला आला तर लगेच कळत नाही.

जेवणं झाली. माय आणि फुई आत लवंडल्या. नाना माजघरात पडले आणि पडताक्षणी घोरायला लागले. एरवी त्यांना घोरायला अर्धा तास लागतो. मी पुढच्या खोलीत बसून खिशावर हात ठेवून होतो. नोट थंड लागत होती. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात, घामानं भिजलेल्या खिशात, थंड.

कडी वाजली नाही. मी नुसतं वर बघितलं आणि दारात माणूस होता.

म्हातारा. अंगात बाराबंदीसारखं काहीतरी, डोक्याला मळकं फडकं. पाय अनवाणी. त्या उन्हात, त्या फरशीवर, अनवाणी, आणि तो पाय उचलत नव्हता.

"भो," तो म्हणाला, "पानी दे जरा."

बोली पूर्वेकडची होती, एदलाबादच्या बाजूची.  लोटा भरून दिला. त्यानं वरून धार धरून सगळा संपवला. मी पुन्हा भरला. तो पुन्हा संपवला. तिसऱ्यांदा मी घागरीतलंच पाणी दिलं, कारण माठ रिकामा झाला होता.

"लई दिसांनी प्यालो," तो म्हणाला.

मी घागरीवरचं खरबूज कापून दिलं. फोडी त्रिकोणी, चौकोनी, सगळ्या भूमितीच्या झाल्या. तो ओट्यावर बसून खात राहिला. मी त्याची सावली पडते का बघितलं. पण भर बाराची वेळ, माझीच मला दिसत नव्हती.

"कुठले बाबा तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"एदलाबादले जानं हाये. घरी. येष्टीचं भाडं पाह्यजे."

 माझं डोकं चालत होतं. म्हटलं, दोन रुपये पोचलेले आहेत. बुडाले ते फक्त आठ आणे. तेवढेच मागायला आलेला आहे. शांतपणे देऊन टाकू. मायच्या डब्यात सुटे असतात.

"आठ आणे कमी पडतात ना बाबा?" मी अगदी प्रेमानं म्हणालो.

त्यानं खाणं थांबवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. डोळे वाईट नव्हते. ते वाईट असते तर बरं झालं असतं.

"आठ आनेच कसे? अडीच रुपये पाह्यजे. मले काहीच नाही भेटलं."

काहीच नाही भेटलं! म्हणजे गांधीजी पोचले नाहीत. आणि कसे पोचतील? हा माणूस अठराच्या सालात गेलेला. त्याच्या नोटेवर दाढीवाला राजा. त्याला गांधी शताब्दी कशी ओळखू येणार? माझ्याच मूर्खपणानं तो तिष्ठत होता. हे सगळं मला त्या क्षणी इतकं पटलं, जितकं फिजिक्स कधी पटलं नाही.

मायच्या डब्यातल्या सुट्यांवर राजा नव्हता. हात आपोआप खिशाकडे गेला. मी नोट काढली आणि त्याच्यापुढे धरली.

त्यानं ती उलटी केली नाही, उजेडात धरली नाही, काही विचारलं नाही. आपलीच वस्तू घ्यावी तशी घेतली आणि मूठ मिटली. नोट मुठीत तिरकी दुमडली गेली. आवाज आला, बारीक, कुरकुर असा. तोच, पागोट्यातला.

"पोचाडशील?" तो म्हणाला.

मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते आठवत नाही. तो उठला, ओट्यावरून उतरला आणि पांढऱ्या उन्हात गेला. दहा पावलांवर फक्त फडकं दिसत होतं. मग तेही नाही.

आतून नानांचं घोरणं थांबलं होतं.

"कोणी आलं होतं का रे?" त्यांनी विचारलं. आवाजात झोप अजिबात नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

नाना बाहेर आले, रस्ता बघितला, घड्याळ बघितलं, ओट्यावरची खरबुजाची सालं बघितली आणि न बोलता आत गेले. परत आले. पुन्हा रस्ता बघितला. तीन वाजेपर्यंत त्यांनी एवढ्या फेऱ्या मारल्या की फुई म्हणाली, "नाना, तुना पोटमा काय दुखस का?"

दिवेलागणीला आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो आणि गल्लीतून झुलाल आला. झुलाल हा नाक्यावरचा जुना शिपाई. होळीला सोंगं काढायचा, त्याचा म्हसोबा बघून पोरं आठ दिवस तापानं फणफणायची. आत्ता तोंडाला राख फासलेली, डोक्याला ओलं फडकं, आणि चेहरा अपराध्यासारखा.

"नाना, माफी करा," तो लांबूनच ओरडला. "बाराला निघालो होतो, वाटेत ऊन लागलं. लिंबाखाली पडलो तो आत्ता उठलो. अजून चालत असेल तर म्हणतो. कोणासमोर म्हणायचं होतं ते, 'आठ आणे कमी पडले' म्हणून?"

नानांनी त्याला हातानं 'जा, जा' केलं. पण झुलाल पट्टीचा सोंगाड्या, काम अर्धवट सोडेना. त्यानं आवाज घोगरा केला, दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी एदलाबादवाला! माझे आठ आणे कमी पडले!"



"आठ आणेच का?" मी नानांना विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

नाना आढ्याकडे बघायला लागले. ओट्याला आढं नाही.

"आठ आणेच का, नाना?"

"कारण पुडीत दोनच होते," नाना भडकून म्हणाले. भडकलं की ते खरं बोलतात. "मी सकाळी सोडून बघितली पुडी. चोरा! बापाच्या घरात चोरी करतोस? खरी नोट तुझ्याकडे होती, ती काढून घ्यायला झुलालला सांगितलं. आगारीत टाकतो म्हणून अक्काला शब्द दिलेला, उघड कसा मागणार?"

"आणि ती दोनची नोट?"

नानांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. स्वतःहून गेला. जकात नाक्यावर असे हात त्यांनी हजारो पकडलेले आहेत.

"जाळून काय उपयोग होता?" ते म्हणाले. "चांगली नोट."

"मग पुडीत काय जळलं?"

"पेपर. कालचा."

झोका वारा नसताना जरासा हलला. फुईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. दुपारी ती आत झोपलेली होती. तिनं काही ऐकलेलं नव्हतं, मी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

"म्हनजे," ती हळू म्हणाली, "त्या माणसले काहीच भेटनं नही."



मग मी सगळं सांगितलं. लोटा, खरबूज, अनवाणी पाय, अडीच रुपये. झुलालनं सांगून होईपर्यंत तोंडावरची राख पुसून टाकली आणि 'येतो' न म्हणता निघून गेला. फुईनं ओट्यावरची सालं मोजल्यासारखी बघितली. "बिया कोठे शेतस? मेलेला माणूस बिया थुंकस नही." बिया खरंच नव्हत्या. (कोंबड्या होत्या. पण कोंबड्या त्या दिवशी ओट्यावर आल्याच नाहीत, असं माय शपथेवर सांगते.)

आणि नाना? ज्या माणसानं भुताचं सोंग भाड्यानं आणलं, तो माणूस त्या रात्री बाज घेऊन माझ्या आणि मायच्या मध्ये झोपला. वय वर्षं एकोणसाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः कुंभाराकडे जाऊन दुसरी घागर घेऊन आले, घासाघीस न करता. मग मला हाक मारली आणि एक कागद हातात दिला. 'चिरंजीव धनराज यास नोट विकण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, तारीख, आणि सवयीनं जकात नाक्यावर लिहायचे तसं 'तपासले' असंही.

"समज परत मिळाली तर," ते म्हणाले.

चिठ्ठी मिळाली होती. नोट नव्हती.

पंधरवड्यानं मी उस्तादाला थांबवून ठेवायला धुळ्याला गेलो, पण तो थांबणारा नव्हता, माझी जागा दुसऱ्याला दिलेली होती. परतताना चौथ्या गल्लीत शिरलो. शेठजींनी मला बघितलं आणि पडदा बाजूला केला.

"तू आला नाहीस भाया. जागा भरली माझी."

अल्बम उघडला. रिकाम्या जागेत ती होती. दाढीवाला राजा, दोन रुपये आठ आणे. मी श्वास घेतला आणि ओल्या मातीचा वास आला, पितळेच्या दुकानात.

"कोणी आणली?"

"येष्टीचा कंडक्टर. आखाजीच्या दिवशी गाडीत एक म्हातारा चढला म्हणे, एदलाबादचं तिकीट मागितलं, ही नोट दिली. कंडक्टरला वाटलं, गरीब आहे, वेडा आहे. पदरचे अडीच भरले आणि तिकीट दिलं. एदलाबादला उतरताना मोजले तर म्हातारा नाही." शेठजींनी चिमटा उचलला. "मधेच उतरला असेल. लोक उतरतात."

"किती दिले तुम्ही?"

"अडीचशे. तुझ्या नोटेला घडी एक होती. हिला दोन आहेत. दुसरी नवीन आहे." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. दुसरी घडीसुद्धा तिरकीच होती, पहिलीला फुली मारून गेलेली. "पण विकत पाहिजे असेल तर देतो. घरची वस्तू आहे म्हणून तुला पाचशे."

मी खिशातली नानांची चिठ्ठी काढून त्यांना दाखवली. त्यांनी ती चिमट्यानं घेतली, वाचली, परत दिली.

"चिठ्ठी पहिल्या दिवशी आणायची," ते म्हणाले.

आता मी जकात नाक्यावर रोजंदारीवर आहे. नानांनीच ओळखीनं लावलं. ट्रक आला की मी हात दाखवतो, ट्रक थांबतो, माझ्या तोंडावर धूळ बसते. आखाजीला घरी दोन घागरी भरतात, दोन खरबुजं येतात. दुसऱ्या खरबुजाचे पैसे माझ्या पगारातून जातात.

एकूण मला हे साडेतीनशे रुपयांना पडलं, लायसन्स वेगळं. माझी दोनची नोट नानांनी अजून परत केलेली नाही.